होकार दिलेले अकरा जण

पहिला फोन लांब्रिनीने सव्वादहाला लावला.

"थिमिओस आहेत का?"

"घरी नाही," पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. "संध्याकाळी येतो. अंधारायला लागलं की."

"मग संध्याकाळी करते."

"कर. पण फोनवर नाही यायचा तो. माझ्याशीच काय ते दोन शब्द बोलतो."

लांब्रिनीने यादीत 'संध्याकाळी' असं लिहिलं आणि दुसरा नंबर फिरवला.

"कोस्मास आहेत का?"

पलीकडून एक पुरुष म्हणाला, "कोण बोलतंय? माझा बाप जाऊन अकरा वर्षं झाली. थट्टा करता का?"

तिसऱ्या घरी तिने शिव्या खाल्ल्या. चौथ्या घरी एका बाईने नाव ऐकलं आणि फोन हळूच खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

लांब्रिनी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची कारकून होती. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर आधी त्या समितीची परवानगी लागते, आणि समितीपुढे येणारा प्रत्येक कागद आधी तिच्या टेबलावर येतो. शिक्षण बारावीपर्यंत, नियम मात्र तिने स्वतः वाचून पाठ केले होते, कारण ते वाचणारं दुसरं कोणी इमारतीत नव्हतं. होकारपत्रांवरच्या लोकांना फोन करून 'सही कशावर केलीत ते ठाऊक आहे ना?' असं विचारायची सवय तिची तिनेच लावून घेतलेली. प्राध्यापक हसायचे. ती फोन करायची.

आज समोर अकरा होकारपत्रं होती. डोंगरातलं अनो मिरोव्हो गाव. प्रत्येकावर नुसतं नाव आणि फोन नंबर, आडनाव नाही. सहीच्या जागी पेनने काढलेला क्रूस. एका कागदाला पिठीसाखर चिकटली होती.

दुपारपर्यंत दहा नावांचा उलगडा झाला. दहाही जण दफनभूमीत होते.

तिने गावच्या पाद्र्यांना, पापा-झिसिसना, फोन लावला.

"फादर, थिमिओस नावाचे कोणी..."

"थिमिओस? मीच पुरला त्याला. नऊ वर्षं झाली."

"त्यांची बायको म्हणते, संध्याकाळी घरी येतो."

"तुम्हालाही सांगितलं तिने?" ते म्हणाले. "स्तमातियाने हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणते, तो बोलावतोय, तर मी कशाला थांबू? डॉक्टर म्हणाला, गोळ्यांशिवाय महिना काढला तरी खूप. तीन आठवडे झाले, बाई."

*

प्राध्यापक दानाई कालेर्गी वरच्या मजल्यावर बसायच्या. पन्नाशीला पोचायला आलेल्या, नीटस, मनमोकळ्या. शोक या विषयावर त्यांची दोन पुस्तकं होती.

"मेलेल्यांची होकारपत्रं?" त्या हसल्या. "माझ्या विद्यार्थ्याने, फानिसने, घोळ घातलेला दिसतोय. हुशार आहे, पण वेंधळा."

"संशोधन सुरू कधी झालं?"

"सुरू कुठे झालंय? म्हणून तर परवानगी मागतेय."

"फेब्रुवारीत तुम्ही आमच्याकडून पत्र नेलंत. परवानगीची गरज नाही, असं."

"ते जुन्या टेपांसाठी. मेंढपाळांच्या मुलाखती आहेत विभागात. बोलणारे सगळे वारलेत. मेलेल्यांवरच्या संशोधनाला परवानगी लागत नाही, तुमचाच नियम."

नियम तोच होता. त्या पत्रावर शिक्का लांब्रिनीने स्वतः मारला होता.

"टेपा कोणी केल्या?"

"विभागाच्या आहेत. खूप जुन्या." दानाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आणखी काही?"

*

शनिवारी फानिस तिला गाडीतून वर घेऊन गेला. तिशीचा, नखं कुरतडणारा. वळणावळणाच्या रस्त्यात तिने त्याला मोकळा सोडला नाही.

"सह्या कधी घेतल्या?"

"फेब्रुवारीत. आत्म्यांच्या शनिवारी, मेलेल्यांसाठी प्रार्थना असते तेव्हा. एरवी बायका मला दारातच उभं करायच्या, ताई. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी देवळात जा, सगळ्या येतील. दिव्यांच्या शेजारी कागद ठेव, नाव लिही आणि दिवा घे, असं सांग."

"कसले दिवे?"

"देव्हाऱ्यातले. विजेचे. मॅडमनी भेट दिले."

"कागद वाचून दाखवलास?"

"गर्दी होती."

"नंतर तरी पाहिलास?"

त्याने गिअर बदलला. गरज नसताना.

"पाहिला. नावं बघितली. मॅडमना म्हटलं, काहीतरी गडबड आहे. त्या म्हणाल्या, पाकिटात घाल." मग हळूच, "माझा प्रबंध त्यांच्या सहीवर अडकलाय, ताई."

देवळाच्या आवारात पापा-झिसिस वाट पाहत होते. लांब्रिनीने होकारपत्रं पुढे केली, तशी त्यांनी ओळखीचं माणूस भेटावं तशी ती हातात घेतली.

"ही तर मी वेदीपुढे वाचली! कोस्मास, थिमिओस, लेओनिदास... त्या शनिवारी बायका उकडलेला गहू आणतात, साखर लावून, आणि चिठ्ठीवर आपल्या माणसांची नावं. नुसती नावं, आडनाव देवाला कशाला हवं? मी ती एकेक करून वाचतो. टेबलावर दिवे, शेजारी कागद, वर 'नाव' लिहिलेलं. बायकांनी काय लिहायचं होतं मग?"

"स्वतःचं."

"आत्म्यांच्या शनिवारी? जिवंत माणसाचं नाव त्या दिवशी कोण लिहील! मरायचंय का?" त्यांनी मान हलवली. "आपल्या माणसासाठी दिवा मिळतोय असं समजल्या त्या. मीही तसंच समजलो. फोन नंबर मात्र याने विचारून लिहिले. दिवा बिघडला तर, म्हणाला. संध्याकाळी कागद परत मागायला आला. चिठ्ठ्या आम्ही जाळतो. मेलेल्यांची नावं परत मागणारा पहिलाच बघितला."

"आणखी काही विचित्र?"

"विचित्र म्हणजे... दिव्यांच्या खोक्यांवर घरांची नावं होती. गावातल्या हैदोने चुकून लेओनिदासच्या घरचं खोकं उचललं. एकसारखेच दिवे, काय बिघडलं? पण हा पोरगा फोनवर मॅडमशी बोलला आणि घामाघूम होऊन तिच्या मागे चढावर धावला. बदलून आणला."

फानिस जमिनीकडे पाहत होता.

"का बदलायला लावला?" लांब्रिनीने विचारलं.

"मॅडम ओरडल्या. म्हणाल्या, बदल. कारण नाही सांगितलं. शपथ, ताई."

*

चौकातल्या चिनाराखाली बाकावर काळ्या कपड्यातल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. लांब्रिनी त्यांच्यात जाऊन बसली. मेंढ्या, गुडघे, अथेन्सला गेलेल्या सुना. गप्पा रंगात आल्या होत्या. सूर्य कड्यामागे जाऊ लागला आणि एक उठली. दूध तापवायचंय. मग दुसरी. मग हैदो, ती तर काही न सांगताच. पाच मिनिटांत बाक रिकामा झाला. एप्रिलची एवढी गोड संध्याकाळ, आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही. एकमेकींकडे तर मुळीच नाही.

स्तमातियाचं घर शेवटचं. ती दारातच उभी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चिमणीएवढी, ओठ निळसर.

"फोनवाली ना तू? ये. तो यायची वेळ झालीच."

"मावशी, जेवलात का?"

"ओला पाव खाल्ला. प्रवासाच्या आधी जड खाऊ नये."

स्वयंपाकघरात पूर्वेच्या कोपऱ्यात देव्हारा होता. चित्रांपुढे लाल काचेचा दिवा, आत गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब. लांब्रिनी वाकून बघू लागली. दिव्याच्या पितळी बुडाला बारीक भोकं होती, चाळणीसारखी.

"ही कशाला?"

"गरम होऊ नये म्हणून, असं तो पोरगा म्हणाला."

लांब्रिनीने बोट लावलं. दिवा गार होता. एवढासा बल्ब गरम होऊन होऊन किती होणार?

खिडकीतला उजेड विझत गेला. स्तमातियाने हात पुसले, केस डोक्यावरच्या रुमालात खोचले आणि देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीत बसली. लांब्रिनीला एकदम आपण परक्याच्या घरात नको त्या वेळी आल्यासारखं वाटलं.

आधी वाऱ्याचा आवाज आला. खोलीत वारा नव्हता. मग लांबवर कुत्रा भुंकला, आणि मग तो बोलला.

"चल. उशीर झाला. वर चढायचंय अजून."

खरखरीत, दमलेला, जवळचा आवाज.

"येते रे," स्तमातिया म्हणाली. "थोडीच राहिलीय. पाय सुजलेत, म्हणजे आता फार दिवस नाहीत. आणि ऐक, तुला एक सांगायचं राहिलं. आपला पोरगा, यान्नाकोस, गेला तेव्हा मी तुला दोष दिला. सगळ्या जन्मात सांगितलं नाही. दिला दोष."

वारा. कुत्रा. मग पुन्हा तोच आवाज, हसू दाबल्यासारखा.

"पिऊन घे, पोरी. गार होईल."

खोली पुन्हा नुसती खोली झाली. स्तमातिया रडत नव्हती. तिचा चेहरा लग्नाला निघालेल्या मुलीसारखा दिसत होता.

"ऐकलंस? पोरी म्हणतो. चाळीस वर्षांत कधी म्हणाला नाही. 'ए', नाहीतर 'स्तमातो, कुठे मेलीस?' मेल्यावर गोडवा आला बघ. अशा माणसाला किती वाट बघायला लावायची?"

"कुत्रा कोणाचा?"

"आमचा मूर्गोस. त्याच्या आधी सात वर्षं गेला. तिकडे भेटले दोघं."

लांब्रिनीचा हात दिव्याकडे गेला आणि मधेच थांबला. हिला न विचारता तो काढून नेला, तर आपणही त्यांच्यातलीच एक होऊ. आणि विचारायचं तर आधी सांगावं लागेल. सांगायला पुरावा हवा, नाहीतर ही आपल्याला वेड्यात काढील आणि दार लावून घेईल. तिला तिची वारलेली आई आठवली. असा एक दिवा आपल्याला कोणी दिला असता, तर आपण फॉर्म मागितला असता का?

"मावशी, उद्या प्रार्थनेनंतर मला तुमच्याशी बोलायचंय. तोवर थांबाल ना?"

"उद्या रविवार. देवळात तर जाणारच," स्तमातिया म्हणाली. "पुढचं त्याला विचार."

बाहेर येऊन लांब्रिनीने दानाईंना फोन केला. अर्जावर गावकऱ्यांसमोर एक सही राहिलीय, उद्या या. तशी काही सही नसते. पण नियम फक्त लांब्रिनीच वाचायची, हे या एका वेळी उपयोगी पडलं.

*

रविवारी आवारात अकरा बायका बाकांवर बसल्या होत्या. पापा-झिसिस पायरीवर, फानिस भिंतीला टेकून. दानाई पेन हातात घेऊनच आल्या.

"कुठे करायची सही?"

"आधी दोन प्रश्न," लांब्रिनी म्हणाली. मग बायकांकडे वळली. "रागावू नका. काल संध्याकाळी तुमच्यातल्या किती जणींशी घरातलं माणूस बोललं?"

स्तमातियाने एकटीने हात वर केला आणि आजूबाजूला पाहून हसली, वेडीला हसताय तर हसा, अशी.

मग हैदोचा हात वर गेला. मग तिच्या शेजारणीचा. अकरा हात वर झाले, आणि त्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुझ्याकडे पण?" हैदो शेजारणीला म्हणाली. "दोन महिने? आणि सांगितलं नाहीस, कुत्रे?"

"तू सांगितलंस? मला वाटलं, माझाच आला. तुझा आला नाही, मग तुला कसं सांगू? जिवाला लागलं असतं तुझ्या."

"हैदोताई," लांब्रिनी म्हणाली, "तुमची परवानगी असेल तर तुमचा दिवा उघडू?"

लांब्रिनीने सकाळी सांगितल्याप्रमाणे हैदोने दिवा फडक्यात बांधून आणला होता. तिने तो छातीशी धरला. मग दिला. पापा-झिसिसनी स्क्रू काढले. बुडाच्या आत बांगडीएवढा स्पीकर होता, आणि त्याच्या शेजारी मण्याएवढी दुसरी वस्तू.

"हे काय?"

"माइक," फानिस भिंतीपासून पुढे येत म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "हा ऐकणारा आहे. मला माहीत नव्हतं, मॅडम! मी वाटले हे!"

"याला माहीत नव्हतं," लांब्रिनी म्हणाली. "दिवे एकसारखे, तर खोकं बदललं म्हणून कोणाचं काय बिघडत होतं? बिघडत होतं, कारण प्रत्येक दिव्यात वेगळा माणूस होता. ते फानिसला ठाऊक असतं, तर त्याने खोकी स्वतः नीट वाटली असती. त्याला ती फोनवरून बदलायला लावली. अंधार पडला की दिवा टेपचा तुकडा वाजवतो आणि पुढे घरातली बाई जे बोलते ते साठवतो. मुलाखती मेलेल्यांच्या, म्हणून तुम्ही आमच्याकडून 'गरज नाही' असं पत्र नेलंत. मेलेल्यांना पुढे केलंत आणि प्रयोग केलात जिवंतांवर. मग छापायच्या वेळी कुठल्याशा मासिकाने समितीची परवानगी मागितली असेल, म्हणून झालेल्या कामाला आता ती हवी झाली. झाल्यावर परवानगी मिळत नसते."

"हे सगळं फानिस करू शकतो," दानाई शांतपणे म्हणाल्या. "टेपा विभागात आहेत. कोणीही घ्याव्यात."

"हो. पण थिमिओसच्या टेपेत त्याचा मूर्गोस भुंकतो. म्हणजे टेप सोळा वर्षांहून जुनी. तेव्हा फानिस शाळेत होता. आणि थिमिओस कोणाला तरी म्हणतो, 'चल, उशीर झाला, वर चढायचंय.' 'पिऊन घे, पोरी, गार होईल.' मुलाखत घ्यायला एक मुलगी आली होती. तिला तो वरच्या गोठ्यावर नेत होता. टेपा कोणी केल्या विचारलं, तर तुम्ही म्हणालात, विभागाच्या आहेत. नुसतं 'मी' म्हणाला असतात, तर मला कळलंही नसतं."

दानाईंनी पेनचं टोपण लावलं.

"पहाडी चहा होता," त्या म्हणाल्या. "मध घालून. मी तेवीस वर्षांची होते, थंडीने दात वाजत होते." मग मान वर केली. "मी वाईट हेतूने काही केलं नाही. आधी सांगितलं असतं, तर आवाज नुसता आवाज राहिला असता. यांचं दुःख कमी झालं की नाही? विचारा ना!"

"झालं," हैदो म्हणाली. "माझं झालं. मग?"

"काही गोष्टी आधी न सांगता करता येतात," लांब्रिनी म्हणाली. "त्यासाठी आधी समितीकडे यायचं. तिथे कोणीतरी विचारलं असतं, यातल्या एखादीचं हृदय कमजोर असलं तर? 'चल' म्हटल्यावर ती निघाली तर? एवढा एक प्रश्न चुकवायला तुम्ही अकरा मेलेली माणसं उभी केलीत."

दानाईंनी त्या बायकांमध्ये ती कोण हे शोधलं. निळसर ओठ त्यांना दिसले असावेत. त्या पायरीवर बसल्या.

स्तमातिया हळूहळू लांब्रिनीजवळ आली.

"म्हणजे पोरी म्हणजे ही."

"हो, मावशी."

"आणि 'चल' पण हिला."

"हो."

म्हातारी उभ्याउभ्या डुलली. पापा-झिसिसनी हात पुढे केला, तो तिने झिडकारला.

"तू मला दुसऱ्यांदा विधवा केलंस," ती म्हणाली.

"केलं. आणि यांना नेलेल्या पत्रावर शिक्का माझा होता. तेही सांगायला हवं."

डोंगरावरून घंटा वाजवत कोणाच्या तरी मेंढ्या उतरत होत्या.

"मी त्याला जे बोलले... यान्नाकोसचं. ते या बाईने ऐकलं?"

"ऐकलं असेल. नसेल तर तिच्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"ते माझं आहे."

"तुमचंच आहे."

"मग परत पाहिजे. मी स्वतः येऊन मागणार. चिठ्ठी नाही, फोन नाही. कधी बसते ती तुमची कमिटी?"

"महिन्याच्या पहिल्या बुधवारी. अजून अडीच आठवडे."

"जिने आहेत का तिथे?"

"दोन मजले. लिफ्ट बंद असते."

स्तमातियाने तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. दिवंगत नवऱ्याला, दानाईला की लिफ्टला, ते कळलं नाही.

"हैदो," ती म्हणाली, "माझ्या घरी जा. फडताळात पिठाच्या डब्यामागे गोळ्या आहेत. आण. आणि येताना पाणी."